खाऱ्या पाण्याच्या टँकसाठी आरओ-डीआय: नवख्यांनी काय घ्यावं, काय टाळावं

खाऱ्या पाण्याचा टँक लावायचा म्हटलं की आधी लाइटची चर्चा होते, मग स्किमरची (माशांची घाण फेसातून काढणारं यंत्र), मग कुठले मासे आणायचे याची. पाण्याचा विषय निघतो तो थेट टँक भरायच्या दिवशी, आणि तोवर बजेट संपत आलेलं असतं. मग "घरात प्यायचा आरओ आहेच की, त्याचंच भरू" असं ठरतं. माझं म्हणणं उलटं आहे. भारी लाइट सहा महिन्यांनी घेतला तरी चालेल, पाण्याची सोय, म्हणजे पाण्यातले क्षार काढणारं आरओ-डीआय यंत्र (आरओ म्हणजे रिव्हर्स ऑस्मोसिस, डीआय म्हणजे डीआयोनायझेशन), पहिल्या दिवशी हवी. आणि ती कंपनीचं नाव बघून करायची नसते, आपल्या नळाला काय येतं ते मोजून करायची असते.

नळाचं पाणी का चालत नाही

गोड्या पाण्याच्या टँकमध्ये नळाचं पाणी एक रात्र बादलीत ठेवून किंवा अँटिक्लोरीनचे थेंब टाकून भागतं. गप्पी आणि मॉली तेवढ्यावर मजेत राहतात. खाऱ्या टँकचं गणित वेगळं आहे, कारण तिथे रोज पाणी उडतं आणि क्षार मागे राहतात. त्यात आपण वरून जे पाणी घालतो, त्यातलं सगळं साचत जातं.

एक हिशोब मांडू. ३ × १.५ × १.५ फुटांच्या टँकमध्ये काठोकाठ १९० लिटर पाणी मावतं. वर पंखा चालू असेल तर त्यातून दिवसाला ३ लिटर सहज उडतात, म्हणजे महिन्याला ९० लिटर टॉप-अप. तुमच्या बोअरच्या पाण्यात लिटरमागे ३० मिलिग्रॅम नायट्रेट आहे असं धरा. रासायनिक खतं जोरात पडतात त्या पट्ट्यात हे काही जगावेगळं नाही, पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) ४५ पर्यंत मुभा आहे. ९० लिटरमधून २,७०० मिलिग्रॅम नायट्रेट टँकमध्ये उतरलं. एकाही माशाने काही खाल्लेलं नसताना महिन्याला लिटरमागे १४ मिलिग्रॅमची वाढ! फॉस्फेटचं तर ०.१ मिलिग्रॅमसुद्धा शेवाळाला पुरतं. सिलिका असेल तर काचेवर आणि वाळूवर तपकिरी थर धरतो. तो आज घासून काढा, दोन दिवसांत परत हजर.

तांब्याचा मामला याहून गंभीर. माशांना पांढऱ्या ठिपक्यांचा रोग झाला की वेगळ्या टँकमध्ये ठेवून तांब्याचं औषध देतात, त्याचं प्रमाण असतं लिटरमागे साधारण ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम. मासा एवढं सोसतो. कोळंबी, गोगलगाय, स्टारफिश, कोरल यांना ते सोसत नाही. पिण्याच्या पाण्याच्या मानकात मात्र दुसरा स्रोत नसेल तर तांबं १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतात. म्हणजे माणसाच्या दृष्टीने नियमात बसणारं पाणी तुमच्या कोळंबीला एका रात्रीत मारू शकतं.

(कोरलचा विषय निघालाच आहे तर सांगतो: हार्ड कोरल आणि समुद्रघोडे यांना आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. दुकानदार मागच्या खोलीत नेऊन दाखवेल. घेऊ नका.)

म्हणून टँकला लागतं ते रिकामं पाणी, ज्यात काहीच नाही. कॅल्शियम, मॅग्नेशियम, अल्कॅलिनिटी, जे काही हवं ते साल्ट मिक्समधून (समुद्री मिठाचं तयार मिश्रण) मोजून येतं. पाणी रिकामं करण्याचे दोन टप्पे: आरओ मेंब्रेन, म्हणजे एक अतिबारीक पडदा, बहुतेक क्षार अडवतं, आणि उरलेले डीआय रेझिनचे मणी पकडतात. नुसता आरओ अपुरा पडतो. नुसतं डीआय चालतं, पण रेझिनच्या खर्चाने घाम फुटेल.

पहिली पायरी: मीटर घ्या, बाकी काही घेऊ नका

खिशात मावणारा टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये) मीटर तीन-चारशे रुपयांत मिळतो. ही पहिली खरेदी. नळाचं पाणी एका दिवशी मोजून थांबू नका. सकाळी महापालिकेचं पाणी येतं तेव्हा मोजा, दुपारी गच्चीवरच्या टाकीचं मोजा, आणि सोसायटीत टँकर येत असेल तर त्या दिवशी मोजा. सगळ्यात जास्त जो आकडा येईल, तो धरून यंत्र निवडायचं.

मुंबईचं भातसा-तानसा-वैतरणेचं किंवा पुण्याचं खडकवासल्याचं पाणी हे धरणात साठलेलं पावसाचं पाणी. त्याचा टीडीएस सहसा दीडशेच्या आत असतो. त्याच पुण्याच्या कडेला, जिथे अजून महापालिकेची लाइन नीट पोहोचलेली नाही, तिथे बोअर आणि टँकरच्या मिश्रणाला पाचशे-सातशे सहज लागतात. अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात आकडा कुठे जातो ते तिकडच्या लोकांना सांगायला नको. कोकणात आणि गोव्यात किनाऱ्यालगतच्या विहिरींत उन्हाळ्यात खारं पाणी शिरतं, म्हणून तिथे मे महिन्यातला आकडा धरावा.

मीटर वापरताना एक काळजी. कप त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून मगच मोजा. नळाच्या पाण्याने ओला असलेला कप किंवा पाण्याला लागलेलं बोट, एवढ्यानेही शून्याच्या जागी ४-५ दिसतात आणि माणूस उगाच रेझिन बदलत बसतो.

मीटरला न दिसणाऱ्या गोष्टीही आहेत. तो फक्त वीजवाहकता मोजून आकडा काढतो. क्लोरीन किती, सिलिका किती, नायट्रेट किती, हे तो सांगत नाही. क्लोरीनसाठी सोपा उपाय म्हणजे ग्रामपंचायतीत करतात ती ओटी टेस्ट: नळीत पाणी, त्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब, आणि पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. ही बाटली जवळ ठेवा, पुढे लागणार आहे.

किती मोठं यंत्र

इथे नवखे हटकून जास्तीचं घेतात. वरच्या टँकला महिन्याला टॉप-अपचे ९० लिटर आणि दर आठवड्याला १० टक्के पाणी बदललं तर आणखी ७५-८० लिटर, म्हणजे एकूण १७० च्या आसपास. बाजारात सर्रास मिळणारं ७५ जीपीडीचं (दिवसाला गॅलन) मेंब्रेन दिवसाला २८४ लिटर, म्हणजे तासाला जवळजवळ १२ लिटर पाणी देतं. महिन्याचं काम पंधरा तासांत उरकलं. पहिल्यांदा टँक भरायलासुद्धा एक दिवस पुरतो. दुकानदार ३०० जीपीडीचं यंत्र दाखवेल, ते त्याच्याकडेच राहू द्या.

हा आकडा २५ अंश तापमानाला आणि ठरावीक दाबाला असतो. तापमानाची आपल्याकडे फारशी अडचण नाही. शिकागो किंवा न्यू जर्सीत बसून हे वाचत असाल तर हिवाळ्यात नळाचं पाणी इतकं गार असतं की उत्पादन निम्म्यावर येतं, तेवढं लक्षात ठेवा. दाबाची अडचण मात्र आपली आहे.

दाब: परदेशी व्हिडिओंत न दिसणारी भानगड

अमेरिकेतला माणूस नळाला यंत्र जोडतो आणि ते चालू होतं, कारण त्याच्या नळाला पन्नास-साठ पीएसआय (दाबाचं एकक, चौरस इंचाला पाउंड) दाब असतो. आपल्या घरी पाणी गच्चीवरच्या टाकीतून येतं. १० मीटर उंचीला साधारण १४ पीएसआय मिळतात. तुम्ही वरच्या मजल्यावर राहत असाल आणि टाकी नळाच्या वर ४ मीटर असेल, तर हातात सहा पीएसआयसुद्धा पडत नाहीत. मेंब्रेनला किमान चाळीस आणि शक्यतो साठ हवेत. कमी दाबात पाणी थेंबथेंब येतं आणि वर ते खराबही येतं, कारण क्षार अडवण्याची मेंब्रेनची टक्केवारीच घसरते.

थोडक्यात, बूस्टर पंप घ्यायचाच. २४ व्होल्टचा, अॅडॉप्टरवर चालणारा छोटा पंप, जो घरगुती आरओत असतो, तोच पुरतो. त्याच्यासोबत सोलेनॉइड व्हॉल्व्ह लागतो, म्हणजे पंप बंद झाला की पाणीही थांबतं. हा नसेल तर पंप बंद असतानाही रिजेक्टच्या, म्हणजे वाया जाणाऱ्या पाण्याच्या, नळीतून पाणी गळत राहतं. पुढे ड्रम भरला की पंप आपोआप बंद व्हावा म्हणून फ्लोट स्विच. चार पैसे वाचवायला हा गाळणारे लोक मी पाहिलेत. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी तेही पाहिलंय, छतातून.

स्वयंपाकघरातला आरओ चालेल का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून सविस्तर.

प्यायच्या आरओचा हेतू टँकच्या हेतूच्या नेमका उलटा आहे. मेंब्रेन पाणी रिकामं करतं, आणि मग तेच यंत्र त्यात पुन्हा भर घालतं. टीडीएस कंट्रोलर नावाचा छोटा व्हॉल्व्ह असतो. तो मेंब्रेनला बगल देऊन थोडं गाळलेलं पाणी शुद्ध पाण्यात मिसळतो. पुढे मिनरल कार्ट्रिज, अल्कलाइन कार्ट्रिज, आणि हल्ली फॅशन असलेलं कॉपर कार्ट्रिज. तांब्याबद्दल वर लिहिलं ते आठवा. "कॉपर"वाल्या यंत्राचं पाणी टँकमध्ये एकदाही घालू नका.

बरं, यंत्र बसवायला आलेल्या माणसाला तुम्ही सांगितलंत, "दादा, मला टीडीएस एकदम कमी हवा", की तो हसतो. "साहेब, दहाचं पाणी पिऊ नका, हाडं दुखतील." आणि तुम्ही चहा टाकायला वळलात की स्क्रू फिरवून सत्तर-ऐंशीवर आणून ठेवतो. त्याचं चुकत नाही, त्याला तसंच शिकवलंय. म्हणून ते यंत्र पिण्यासाठीच राहू द्या.

अगदीच दुसरं यंत्र ठेवायला जागा नसेल तर एक मार्ग आहे. मेंब्रेनच्या हाउझिंगमधून (ज्या बंद डब्यात ते बसतं) शुद्ध पाण्याची नळी बाहेर येते, तिथेच, म्हणजे कंट्रोलर आणि कार्ट्रिज यांच्या अलीकडे, एक टी (तीन तोंडी जोड) बसवायचा आणि ती फांदी डीआयच्या हाउझिंगला न्यायची. टी नेमका कुठे बसला हे मीटरने तपासा: त्या फांदीतल्या पाण्याचा टीडीएस नळाच्या पाच टक्क्यांच्या आत असला पाहिजे. नळाला ३०० असतील तर इथे १५ च्या आत. साठ-सत्तर दिसले तर टी चुकीच्या जागी आहे किंवा मेंब्रेन संपलंय. यंत्र वॉरंटीत असेल तर कंपनीचा माणूस उघडलेल्या यंत्राला हात लावणार नाही, हेही गृहीत धरा.

मला विचाराल तर सुटे भाग घेऊन उघड्या पाटीवर जोडलेला सेट सगळ्यात चांगला. आरओचे सुटे भाग विकणारी दुकानं आता तालुक्याच्या गावीही आहेत. दिसायला ओबडधोबड, पण कुठला फिल्टर काळा पडला ते समोर दिसतं, आणि प्रत्येक भाग कुठेही मिळतो. चकचकीत कॅबिनेटचे पैसे रेझिनला वापरा.

पाटीवर काय काय हवं

क्रम असा: सेडिमेंट, कार्बन, पंप, मेंब्रेन, डीआय.

सेडिमेंट म्हणजे पांढरा स्पन फिल्टर, ५ मायक्रॉनचा. पावसाळ्यात टीडीएस उतरतो पण गाळ वाढतो, आणि जुलैत हा पंधरा दिवसांत चहाच्या रंगाचा होतो. स्वस्त आहे, बिनधास्त बदला. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर तो लालसर होतो. तसं दिसलं तर त्याच्या आधी आणखी एक स्पन लावा, कारण लोह मेंब्रेनवर बसलं की धुऊन निघत नाही.

कार्बनचं खरं काम मेंब्रेनला क्लोरीनपासून वाचवणं. घरगुती मेंब्रेनच्या पातळ थराला क्लोरीन खातं, आणि एकदा खाल्लं की टीडीएस चढतच जातो. दाणेदार कार्बनपेक्षा ठोकळ्याचा, म्हणजे कार्बन ब्लॉक घ्या. दाणेदारमध्ये पाणी आपली वाट शोधून तिथूनच पळतं. कार्बन जिवंत आहे का हे कळण्यासाठी वरची ओटी टेस्ट: कार्बनच्या पुढचं पाणी घ्या, पिवळं झालं नाही तर ठीक. परदेशातल्यांसाठी एक भर. तिकडच्या बऱ्याच शहरांत क्लोरीनऐवजी क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) घालतात, सॅन फ्रान्सिस्कोत २००४ पासून. बे एरियात असाल तर कॅटॅलिटिक कार्बन किंवा दोन कार्बन ब्लॉक एकापुढे एक लावा. साधा एकटा कार्बन क्लोरामाइनला लवकर हार जातो.

मेंब्रेनच्या रिजेक्टच्या नळीवर एफआर म्हणजे फ्लो रिस्ट्रिक्टर असतो, पेनाच्या टोपणाएवढी नळी. त्याच्यावरचा आकडा म्हणजे मिनिटाला किती मिलिलिटर पाणी वाया जाईल तो. ७५ जीपीडीचं मेंब्रेन मिनिटाला २०० मिलिलिटरच्या आसपास शुद्ध पाणी देतं. धरणाच्या मऊ पाण्याला ४५० चा एफआर चालून जातो. जड बोअरच्या पाण्याला शुद्धच्या तिप्पट-चौपट, म्हणजे ६०० ते ८०० सोडावं लागतं, नाहीतर मेंब्रेनवर चुना धरतो. बसवल्यावर दोन मापं घेऊन एक मिनिट दोन्ही नळ्यांखाली धरा. आकडे समोर येतात, कोणाच्या सांगण्यावर विसंबायचं कारण उरत नाही.

जड पाण्यासाठी दुकानदार अँटिस्केलंटचे, म्हणजे चुना धरू न देणारे, गोळे देतो. ते बहुधा फॉस्फेटचे असतात. मेंब्रेनच्या आधी लावले तर मेंब्रेन त्यातलं बहुतेक अडवतं. तरी शक्य तोवर टाळा आणि एफआर मोठा घ्या. यूव्ही दिवा, यूएफ (आणखी एक बारीक गाळणी), चवीचा पोस्ट-कार्बन हे काहीच नको.

डीआय: इथे कंजूषी महाग पडते

डीआय रेझिन म्हणजे दोन प्रकारचे बारीक मणी एकत्र केलेले. एक धन आयन पकडून हायड्रोजन सोडतो, दुसरा ऋण आयन पकडून हायड्रॉक्सिल सोडतो, आणि दोघांचं मिळून पाणी होतं. म्हणून आपल्याला हवं ते 'मिक्स्ड बेड', रंग बदलणारं मिळालं तर उत्तम. सॉफ्टनरचं रेझिन वेगळं. ते कॅल्शियम घेऊन सोडियम देतं, त्याने टीडीएस उतरत नाही. दुकानात नुसतं "रेझिन द्या" म्हटलं तर तेच हातात पडतं.

रेझिनला मर्यादित क्षार मावतात, त्यामुळे आधीचं पाणी जितकं स्वच्छ तितकं ते जास्त टिकतं. मेंब्रेन ९७ टक्के अडवत असेल तर नळाच्या १०० चे ३ होतात आणि ९०० चे २७. दुसऱ्या घरात तेच रेझिन नवव्या हिश्शात संपणार. यंत्र निवडण्याचा माझा ठोकताळा याच्यावरच बेतलेला आहे.

टीडीएस १५० च्या आत असेल तर साधा सेट आणि एक डीआय हाउझिंग पुरे. १५० ते ५०० मध्ये दोन डीआय एकापुढे एक. ५०० च्या वर चांगल्या प्रतीचं मेंब्रेन, मोठा एफआर, दाबाचा मीटर, आणि दोन डीआय. हजाराच्या पुढे गेलं तर मी यंत्राचा विचार सोडून पाण्याचा विचार करेन: महापालिकेचं पाणी येणाऱ्या नातेवाइकाकडून महिन्याला आठ-नऊ कॅन आणणं बोअरशी झुंजण्यापेक्षा स्वस्त पडतं. यंत्र त्यांच्याकडेच ठेवता आलं तर आणखी बरं.

दोन डीआय का, ते सांगतो. रेझिन संपत आलं की आधी पकडलेले दुबळे आयन, विशेषतः सिलिका, ते सोडून द्यायला लागतं. मीटरवर १-२ दिसेपर्यंत सिलिका टँकमध्ये गेलेलीही असते, कारण ती मीटरला दिसतच नाही. दोन हाउझिंग असली की पहिल्याच्या पुढे १-२ दिसू लागले तरी दुसरं राखणीला असतं. तेव्हा पहिलं काढून टाकायचं, दुसरं पहिल्याच्या जागी आणायचं आणि नवीन मागे लावायचं. रेझिन शेवटच्या मण्यापर्यंत वसूल होतं आणि टँकला शून्यच मिळतं.

रेझिन भरताना कार्ट्रिज उभं धरून, आपटत आपटत गच्च भरा आणि पाणी खालून वर जाईल असं जोडा. आडवं ठेवलेलं किंवा अर्धवट भरलेलं असेल तर पाणी वरच्या पोकळीतून निघून जातं आणि निम्मं रेझिन कोरं राहतं.

बोअरवाल्यांच्या वाट्याला एक छुपा त्रास येतो. मीटर सांगतो मेंब्रेननंतर १०, तरी रेझिन झपाट्याने संपतं. कारण विरघळलेला कार्बन डायऑक्साइड. तो वायू असल्याने मेंब्रेनमधून आरपार जातो, मीटरला जेमतेम दिसतो, पण रेझिन त्याला पकडत बसतं. आरओचं पाणी आधी एका ड्रममध्ये घ्या, रात्रभर एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सोडून ठेवा, आणि मग छोट्या पंपाने डीआयमधून काढा. फरक पहिल्याच महिन्यात दिसतो.

जोडणीचा दिवस

सगळं एकदम जोडून नळ सोडू नका. आधी मेंब्रेन न घालता पाणी चालू करा आणि कार्बनची काळी भुकटी निघून पाणी स्वच्छ होईपर्यंत वाहू द्या. मग मेंब्रेन. त्याच्या एका टोकाला दोन बारीक रबरी कड्या असतात, ते टोक आधी आत जातं आणि तळाच्या भोकात टच्च बसतं. कड्यांना पाणी किंवा ग्लिसरीन लावा, व्हॅसलीन नाही. ही बसणी नीट झाली नाही तर कडेने नळाचंच पाणी पुढे जातं, आणि नवीन मेंब्रेन असूनही टीडीएस निम्माच उतरलेला दिसतो.

नव्या मेंब्रेनला टिकवण्यासाठी रसायन लावलेलं असतं, म्हणून पहिलं तासाभराचं पाणी मोरीत सोडा. डीआय त्यानंतर जोडा. नाहीतर कोऱ्या रेझिनची पहिली कमाई ते रसायन.

मेंब्रेन आणि डीआय यांच्यामध्ये एक तीन तोंडी व्हॉल्व्ह बसवा, पुढे रोज उपयोगी पडतो. यंत्र बंद असताना मेंब्रेनच्या दोन बाजूंचे क्षार हळूहळू सारखे व्हायला बघतात, त्यामुळे चालू केल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं १० ऐवजी ६०-७० येतात. ते पाणी मोरीत जाऊ द्यायचं आणि आकडा खाली आला की डीआयकडे वळवायचं. याच कारणाने दर तासाला दोन लिटर असं पाणी काढू नका, आठवड्याचं एकदम काढा. टँकचा ऑटो टॉप-ऑफ (उडालेलं पाणी आपोआप भरणारी सोय) थेट यंत्राला जोडणं मला म्हणूनच पटत नाही. तो ड्रमला जोडावा.

ड्रम फूडग्रेड प्लॅस्टिकचा, झाकणाचा. रिकामं पाणी धातूला खातं, त्यामुळे डीआयच्या पुढे पितळेचा नळ, पितळी जोड, काहीही नको. ड्रमच्या पाण्याचा पीएच सहाच्या आसपास दिसला म्हणून घाबरू नका, त्यात काहीच नसल्याने हवेतल्या थोड्या कार्बन डायऑक्साइडनेही तो ढळतो. साल्ट पडलं की जागेवर येतो. आणि हे पाणी प्यायचं नाही. बाजारात मिळणारं साधं रेझिन पिण्याच्या पाण्यासाठी बनवलेलं असेलच असं नाही.

साल्ट मिक्सचं थोडक्यात: लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम, पाण्यात मीठ घालायचं, मिठावर पाणी नाही, आणि पंप फिरवून रात्रभर ठेवायचं. सकाळी रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजायचं साधन) १.०२५ दिसलं की तयार. टॉप-अपला साल्ट नाही, नुसतं डीआयचं पाणी.

यंत्र न घेता भागेल का?

वीस-तीस लिटरच्या छोट्या टँकला भागतं. गॅरेजमध्ये मिळणारं बॅटरीचं डिमिनरलाइज्ड पाणी मीटरवर शून्य-एक दाखवत असेल तर वापरता येतं. फक्त प्रत्येक कॅन मोजा, सगळे सारखे नसतात. वीस लिटरचे पिण्याचे जार नकोत, त्यात आज ४० तर उद्या ९० टीडीएस. एसीच्या नळीतून पडणारं पाणी फुकट आणि मीटरवर छान दिसतं, पण ते तांब्याच्या आणि अॅल्युमिनियमच्या कॉइलवरून घरंगळत आलेलं असतं. झाडांनाही विचार करून घाला. शहरातलं छपरावरचं पावसाचं पाणी बाद.

समुद्राचं पाणी? जुहू-वर्सोव्याच्या किनाऱ्यावरचं कॅन भरून आणायचा विचारही नको, तिथे नाले उतरतात. किनाऱ्यापासून लांबचं, गाळलेलं समुद्राचं पाणी काही विक्रेते देतात आणि पाणी बदलायला ते बरं पडू शकतं. पण टँकमधून उडतं ते गोडं पाणी, त्यामुळे टॉप-अपसाठी डीआय लागणारच.

पुढची निगा

एक वही करा, किंवा फोनमध्ये नोंद. पाणी काढाल तेव्हा तीन आकडे लिहा: नळ, मेंब्रेननंतर, डीआयनंतर. नळ ३०० आणि मेंब्रेननंतर ९ म्हणजे ९७ टक्के, उत्तम. हेच नव्वदच्या खाली गेलं तर आधी पंपाचा दाब आणि स्पन फिल्टर बघा, आणि तिथे काही सापडलं नाही तरच मेंब्रेन बदला. दुरुस्तीला आलेला माणूस पहिलं बोट मेंब्रेनवर ठेवतो, कारण सगळ्यात महाग तेच आहे. कार्बन सहा महिन्यांनी किंवा ओटी टेस्ट पिवळी झाली की, यातलं जे आधी येईल तेव्हा.

रिजेक्टचं पाणी मोरीत सोडू नका. नळाला १५० असतील तर रिजेक्टला दोनशेच्या आसपास येतात. ते भांडी, फरशी, कपडे, संडास, सगळ्याला चालतं, कुंड्यांनाही. बोअरच्या सातशेचं रिजेक्ट मात्र कुंड्यांना घालू नका, मातीवर पांढरी खपली धरते. फरशी आणि संडासापुरतं ठेवा.

गणपतीला किंवा मे महिन्यात गावी जाणार असाल तर निघायच्या आदल्या दिवशी ड्रम भरून ठेवा, नळ मुख्य व्हॉल्व्हला बंद करा आणि पंपाची पिन काढा. डीआयची हाउझिंग रिकामी करू नका, रेझिन ओलंच राहिलं पाहिजे. परत आल्यावर पहिली पंधरा मिनिटं सगळं पाणी मोरीत, आणि मीटर बघितल्याशिवाय व्हॉल्व्ह डीआयकडे फिरवायचा नाही.